प्रवाशाची शिदोरी : बालीस जाणाऱ्या कुटुंबास

गेल्या महिन्याच्या टपालांत पुण्याच्या एका गृहिणीचें सविस्तर पत्र आलें. घरांतील अकरा माणसें सुट्टींत बाली बेटास जावयाचीं आहेत. त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दोन वर्षांचा नातू हीं दोन टोकें. कपडे कोणते न्यावेत, सासूबाईंच्या जेवणाची सोय कशी लागेल, पाऊस कधीं असतो, असे नेहमींचे प्रश्न विचारून भगिनींनीं शेवटीं एक वाक्य लिहिलें आहे : "तेथील लोक हिंदु, म्हणजे आपलेच, तेव्हां रीतभातीच्या बाबतींत कांहीं शिकून जाण्याची गरज नसावी, असें आमच्याकडील मंडळींचें मत आहे." कपड्यांचें व पावसाचें उत्तर मीं चार ओळींत लिहून पाठविलें असतें, या एका वाक्यासाठीं मात्र सबंध लेख लिहिणें प्राप्त झालें. कारण इ. स. २०२४ च्या जुलै महिन्यांत नेमकें हेंच मत बरोबर घेऊन मी तेथें गेलों होतों, आणि पहिल्या तीन दिवसांतच दोनदां लज्जित झालों.

इंग्लंडांत किंवा जपानांत गेलेला आपला मनुष्य बिचकत वागतो. येथें काय चालतें, काय चालत नाहीं, हें तो दहा वेळां विचारतो. त्यामुळें त्याच्या हातून प्रमाद थोडे घडतात. बालींत तो विचारीत नाहीं. उतरल्याबरोबर कोणी हात जोडून "ॐ स्वस्त्यस्तु" म्हणतो, रस्त्याच्या चौकांत अर्जुनाचा किंवा घटोत्कचाचा भव्य पुतळा दिसतो, पाटीवर 'सरस्वती' हें नांव वाचावयास मिळतें, आणि आपणांस वाटतें कीं आपण आजोळीं आलों. मग मनुष्य आजोळीं जसा वागतो तसा वागूं लागतो. म्हणजे न विचारतां आंत शिरतो, मोठ्यानें बोलतो, आणि वडीलकी गाजवितो.

बेटाची माहिती थोडक्यांत सांगतों. बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें आठ अंशांवर हें बेट आहे. २०२० च्या शिरगणतींत लोकसंख्या ४३ लाखांच्या वर भरली, आणि तींत शेंकडा सुमारें ८७ लोक हिंदु आहेत. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. म्हणजे आपल्याकडे आषाढाच्या सरी कोसळत असतात तेव्हां तेथें स्वच्छ ऊन असतें. घड्याळ आपल्यापेक्षां अडीच तास पुढें. बेटाच्या ईशान्येस आगुंग नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. तो १९६३ सालीं भयंकर फुटला होता आणि २०१७ मध्येंहि धुमसला. तेथील लोक त्यास देवांचें स्थान मानतात, आणि त्यांच्या घरांचीं देवघरें व झोंपतांना डोकें करण्याची दिशाहि त्याच्या अनुरोधानें ठरते.

तारीख ठरवितांना एक गोष्ट अवश्य पाहावी. बालींत आपलाच शालिवाहन शक चालतो, आणि त्यांच्या शकवर्षाचा आरंभ 'न्येपी' या दिवशीं होतो. अधिकमासाच्या फरकानें तो दिवस कधीं आपल्या पाडव्याला येऊन मिळतो, कधीं महिनाभर आधीं पडतो : २०२४ सालीं न्येपी ११ मार्चला होता व आपला पाडवा ९ एप्रिलला, २०२६ सालीं दोहोंचा दिवस १९ मार्च हा एकच. आपण त्या दिवशीं गुढी उभारतों, गोडधोड करतों, नवे कपडे घालून बाहेर पडतों. त्यांचा नववर्षदिन मौनाचा. अग्नि व दिवा नाहीं, काम नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. विमानतळ चोवीस तास बंद असतो. पाहुण्यांनाहि हॉटेलाच्या आवाराबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं, आणि गांवचे रखवालदार फिरून पहारा करतात. ज्यांना हें पाहावयाचें असेल त्यांनीं मुद्दाम जावें. आदल्या संध्याकाळीं निघणाऱ्या अक्राळविक्राळ पुतळ्यांच्या मिरवणुकी पाहण्याजोग्या असतात. पण ज्यांची परतीची तिकिटें त्या दिवसाचीं निघतील त्यांची फजिती ठरलेली.

आतां माझ्या दोन प्रमादांकडे वळतों.

आम्ही सातजण होतों. माझ्या वडील बंधूंच्या पत्नी, ज्यांना घरांत सर्व मोठ्या वहिनी म्हणतात, पुतण्या, त्याची पत्नी, त्यांचीं दोन मुलें, माझी पत्नी आणि मी. आमचें बिऱ्हाड उबूद गांवाजवळ एका कुटुंबाच्या आवारांत होतें. एका भिंतीच्या आंत चार-पांच सुटीं घरें, मध्यें अंगण, कोपऱ्यांत देवघर म्हणण्यापेक्षां देवळांचा एक लहानसा समुदायच. आजोबा, मुलगे, सुना, नातवंडें सर्व एके ठिकाणीं. आमच्या वहिनींना तें पाहून भरतें आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरची सून आपलें दीड-दोन वर्षांचें मूल कडेवर घेऊन समोर आली. मीं सवयीप्रमाणें मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि "आयुष्मान् भव" म्हटलें. चाळीस वर्षें शाळेंत आणि घरांत दुसरें केलें काय! परंतु त्या बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. हंसल्या, मागें सरल्या आणि आंत गेल्या. मागाहून आमच्या मोटारीच्या चालकानें खुलासा केला. बालींत मस्तक हें शरीरांतील सर्वांत पवित्र स्थान. परक्यानें त्यास हात लावूं नये. मग तें लहान मुलाचें असलें तरी. आपला आशीर्वादाचा हात तेथें आगळीक ठरतो.

याच जातीची दुसरी सूचना बायकांसाठीं. तान्हें मूल दिसलें कीं आपल्या बायका तें मागून घेतात आणि सतरंजीवर निजवितात. बालींत जन्मल्यापासून १०५ दिवस, म्हणजे त्यांचे पस्तीस-पस्तीस दिवसांचे तीन महिने, मुलाचे पाय भूमीस लागूं देत नाहींत. पुढें विधि करून मगच लावतात. तेव्हां तान्हें मूल हातीं आलें तर तें हातांतच ठेवून परत द्यावें.

दुसरा प्रमाद याहून मोठा. तेथें दिवसांतून तीन वेळां, सकाळीं सहा, दुपारीं बारा व संध्याकाळीं सहा या सुमारास, 'त्रिसंध्या' नांवाची प्रार्थना होते. कर्ण्यावरूनहि ती ऐकूं येते. तिचा पहिला श्लोक म्हणजे आपला गायत्री मंत्र. पहिल्या संध्याकाळीं तो कानावर पडला तेव्हां मी उभाच राहिलों. हजारों मैलांवर, समुद्रापलीकडे, केळीच्या बागांतून तो स्वर येत होता. डोळ्यांस पाणी आलें हें लिहिण्यांत मला संकोच वाटत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. तेथें तो मंत्र स्त्रिया म्हणतात, शेतकरी म्हणतात, शाळेंतील सर्व मुलें म्हणतात. आमच्या घरीं माझ्या आईनें तो उभ्या जन्मांत कधीं मोठ्यानें उच्चारला नव्हता.

पण डोळ्यांतलें पाणी वाळलें आणि आंतला मास्तर जागा झाला. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं घरचा दहा वर्षांचा नातू देवळीपुढें मांडी घालून ती प्रार्थना म्हणत होता. 'भर्गो' चा 'बर्गो' आणि 'धीमहि' चा 'दीमहि' होत होता; त्यांच्या भाषेंत महाप्राण वर्ण वेगळे उच्चारीत नाहींत. मीं पुढें होऊन त्यास थांबविलें, आणि 'भ' तीन वेळां म्हणवून घेतला. मुलगा गुणी, त्यानें ओठ दाबून तीनहि वेळां प्रयत्न केला आणि मग आपल्या आजोबांकडे पाहिलें. हे आजोबा गांवच्या देवळाचे पुजारी. अशा पुजाऱ्यास तेथें 'पेमंकू' म्हणतात. त्यांनीं मला हात जोडले, स्वतःच्या हातानें कॉफी आणून दिली आणि माझी चौकशी केली. मी प्रसन्न मनानें खोलींत आलों. थोड्या वेळानें वहिनी अंगणांतून आल्या. "भावोजी, तुम्ही वळल्याबरोबर त्या आजोबांनीं पोराला पुन्हां हातपाय धुवायला लावून प्रार्थना पहिल्यापासून म्हणायला लावली," त्या म्हणाल्या. "आपल्या मामंजींना संध्येंत कोणी असें मध्येंच थांबवलें असतें, तर त्यांनीं पळी फेकून मारली असती."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनहि सुचलेलें नाहीं. सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच पंडित १९२८ मध्यें बालीस गेले होते. त्यांनीं तेथील पुरोहितांच्या परंपरेंतील संस्कृत स्तोत्रें व मंत्र मिळविले, आणि तो ग्रंथ १९३३ सालीं आपल्या बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. संस्कृताचें त्यांचें ज्ञान माझ्याहून किती अधिक हें सांगावयास नको. ते तेथें ऐकावयास गेले होते. मी गेलों तो शिकवावयास.

देवळांतील रीतीविषयीं आतां नीट सांगतों, कारण तेथेंच आपल्या सवयी सर्वांत अधिक आड येतात. आपल्या देवळांत गाभारा असतो, मूर्ति असते, आणि मूर्तीचें दर्शन झाल्याशिवाय मनुष्य परत फिरत नाहीं. बालीचें देऊळ बहुधा उघड्या आवारांचें असतें; एकांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जावयाचें. सर्वांत आंतील आवारांत 'पद्मासन' नांवाचें उंच दगडी आसन असतें आणि तें रिकामें असतें. देव नेहमीं तेथें बसून राहतात अशी कल्पना नाहीं. उत्सवाच्या दिवशीं ते उतरतात. देवळाचा वर्धापनोत्सव बहुधा २१० दिवसांनीं येतो. म्हणून "देव कोठें आहे?" असें विचारीत आंत घुसणाऱ्या आपल्या मंडळींकडे तेथील लोक चमत्कारिक दृष्टीनें पाहतात. आंतील आवार पूजेस आलेल्यांसाठींच असतें. बाहेरून पाहावें, कोणी बोलाविलें तरच आंत जावें. २०२३ सालीं तेथील राज्यपालांनीं पाहुण्यांसाठीं जे नियम प्रसिद्ध केले त्यांतहि हें स्पष्ट घातलें आहे.

पोषाखाचा नियम स्त्रीपुरुषांस सारखाच. कमरेस गुंडाळावयाचें लुंगीसारखें वस्त्र, त्यास 'कामेन' म्हणतात, आणि त्यावर कमरेस बांधावयाचा शेला. शेल्याशिवाय कामेन अपुरें. आपलीं धोतरें व साड्या यांस कोणी नांवें ठेवीत नाहींत. पण शेला बांधावाच. मोठ्या देवळांच्या दारीं हीं वस्त्रें भाड्यानें मिळतात. तरी प्रत्येकासाठीं एक जोड विकत घ्यावी. उत्सवाचें निमंत्रण आयत्या वेळीं येतें. पुरुषांचें डोक्यास बांधावयाचें वस्त्र 'उदेंग' हें पूजेच्या प्रसंगीं लागतें. जोड्यांच्या बाबतींत मात्र गंमत आहे. आम्ही सवयीनें महाद्वारापाशीं वाहणा काढल्या आणि दुपारच्या उन्हांत तापलेल्या फरशीवर नाचत गेलों. तेथील लोक आवारांत वाहणा घालून येतात, आणि प्रार्थनेस बसतांना काढून बाजूस ठेवतात. तेव्हां इतर काय करतात तें पाहून करावें.

पुजारी बसला असेल तेथें त्याच्याहून उंच जागीं उभें राहूं नये, छायाचित्रासाठीं कट्ट्यावर चढूं नये. हात जोडून बसलेल्या माणसांच्या पुढून जाऊं नये, मागून जावें. प्रार्थनेस बसण्याचा योग आलाच तर शेजाऱ्याकडे पाहून तसें करावें. फूल बोटांच्या टोकांत धरून हात मस्तकावर न्यावयाचे. मग पुजारी तीर्थ शिंपडतो व तें तीनदां प्यावयास देतो. शेवटीं ओले तांदूळ कपाळास लावावयाचे असतात. आपल्या अक्षतांची आठवण होते. तीर्थासाठीं उजवा तळहात डाव्यावर ठेवावा. तो प्रकार तरी आपणांस शिकविण्याची गरज नाहीं. तांपाकसिरिंग येथील तीर्थ एंपुल या पवित्र झऱ्यावर स्नानास उतरणार असाल तर तेथील धारांपैकीं दोन मृतांच्या कार्यासाठीं राखलेल्या आहेत. त्यांखालीं डोकें धरूं नये. आमचा पुतण्या धरणार होता, पण मागच्या म्हाताऱ्या बाईनें त्याचा शेला ओढून त्यास वांचविलें.

एक नाजूक गोष्ट उरली. अनेक देवळांच्या दारीं पाटी असते कीं विटाळशी स्त्रियांनीं, व ज्यांच्या घरीं नुकताच मृत्यु झाला आहे त्यांनीं, आंत येऊं नये. सुतकाचा नियम वडील मंडळींस ओळखीचा आहे. पहिल्या नियमाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत आतां एकमत राहिलेलें नाहीं, आणि तें नाहीं हें चांगलेंच, असें माझें स्वतःचें मत आहे. परंतु तेथें कोणी तपासीत नाहीं. पाहुण्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेलें असतें. आमच्या पुतण्याच्या पत्नीवर हा प्रसंग आला. ती डॉक्टर आहे. पाटी वाचून ती म्हणाली, "मला हें पटत नाहीं, पण घर त्यांचें आहे," आणि दोन तास बाहेर वडाच्या झाडाखालीं बसली. तिची सासू बरोबर असती तर कदाचित् वाद झाला असता. मला त्या मुलीचें वागणें फार आवडलें. माझें आदल्या संध्याकाळचें वागणें त्यापुढें कसें दिसत होतें तें सांगावयास नकोच.

रस्त्यानें चालतांना दृष्टि पायांकडे असावी. नारळाच्या कोंवळ्या पानांची चौकोनी तबकडी, तींत रंगीत फुलें, वर एकादी उदबत्ती, अशी 'चनांग सारी' नांवाची पूजा दाराशीं, दुकानाच्या पायरीवर, चौकांत, मोटारींतसुद्धां ठेवलेली असते. ती रोज ताजी करतात. तिच्यावर पाय देऊं नये, ती ओलांडूं नये, आणि 'किती सुंदर' म्हणून उचलून घेऊंहि नये. आमच्या धाकट्या नातीनें एक उचलली होती.

खुणा करतांना तर्जनी रोखूं नये. उघड्या उजव्या हातानें दाखवावें. घेणें-देणें उजव्याच हातानें. कमरेवर हात ठेवून उभें राहणें हें रागाचें लक्षण समजतात. आपल्याकडे तो विठोबाचा थाट, त्यामुळें हें ध्यानांत ठेवणें कठीण जातें.

आतां जेवण. पत्रलेखिका भगिनींच्या सासूबाईंचा प्रश्न तोच आमच्या मोठ्या वहिनींचा होता. बालीचे हिंदु मांसाहारी आहेत. डुकराचें मांस त्यांना विशेष प्रिय आहे, आणि तें देवकार्यांतहि असतें. "हे कसले हिंदु!" असा उद्गार आपल्या मंडळींच्या तोंडून कोणत्या क्षणीं निघेल याचा नेम नाहीं, आणि तो मराठींत काढला तरी चेहऱ्यावरून समजतो. वहिनींनीं पहिल्या रात्रीं बरोबरच्या दशम्या खाल्ल्या आणि मला हळूच विचारलें, "या घरांतलें मी खाऊं का?" मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशीं पहांटे त्या स्वयंपाकघराशेजारीं उभ्या होत्या. घरच्या आजीनें भात शिजविला. कोणी एक घांस खाण्यापूर्वीं केळीच्या पानाच्या इवल्याशा तुकड्यांवर भाताचे चार-चार दाणे व चिमूटभर मीठ ठेवून तीं पानें चुलीवर, पाण्याच्या भांड्यावर, दारांत, देवळींत अशीं ठेवून आली. मगच घरच्यांनीं पानें घेतलीं. वहिनी खोलींत येऊन म्हणाल्या, "वैश्वदेव झाला त्यांचा. आपल्याकडे कोण करतें आतां?" त्या दिवशीं त्यांनीं त्या चुलीवरचा भात खाल्ला. मांसाचें भांडें वेगळें होतें कीं नाहीं हें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीनें याचा निर्णय स्वतः करावा. तरुणांनीं आग्रह करूं नये आणि थट्टा तर मुळींच करूं नये.

व्यवहाराच्या दृष्टीनें सांगावयाचें तर शाकाहारी मनुष्याचे हाल होत नाहींत. भात सर्वत्र. सोयाबीन आंबवून केलेलें 'तेम्पे' व त्याच धान्याचें 'ताहू' हे पदार्थ चवदार व पौष्टिक. 'गाडो-गाडो' म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी. पण तींत व बहुतेक तिखटांत 'तेरासी' म्हणजे वाटलेली कोळंबी असूं शकते, भाज्यांवर उकडलेलें अंडें असतें, आणि वरचा कुरकुरीत पापडहि पुष्कळदां कोळंबीचाच. म्हणून 'तांपा' हा एक शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ 'वांचून'. तांपा दागिंग म्हणजे मांसावांचून, तांपा इकान मासळीवांचून, तांपा तलूर अंड्यावांचून, तांपा तेरासी कोळंबीवांचून. चारहि सांगावेत; 'शाकाहारी' एवढेंच सांगितल्यानें मासळी वगळली जाईलच असें नाहीं. आमच्या मुक्कामांत १७ जुलैला आषाढी एकादशी आली. रताळीं, शेंगदाणे, ओला नारळ, केळीं, पपई, यांवर वहिनींचा उपास इतका साग्रसंगीत झाला कीं दुसऱ्या दिवशीं आम्हीहि तेंच मागितलें. नळाचें पाणी पिऊं नये. बंद बाटलीचें किंवा उकळलेलें प्यावें. एकदांच वापरून टाकण्याच्या प्लास्टिक पिशव्यांस तेथें बंदी आहे, म्हणून कापडी पिशव्या बरोबर असाव्यात.

नांवांचा घोटाळा सर्वांचाच होतो. पहिल्या अपत्याचें नांव बहुधा वायान, दुसऱ्याचें माडे, तिसऱ्याचें न्योमान, चौथ्याचें कतूत; पांचव्यापासून पुन्हां वायान. मुलगा असो वा मुलगी, हाच क्रम. आमच्या चालकाचें, घरमालकाचें आणि समोरच्या दुकानदाराचें नांव एकच होतें, आणि एका हांकेस तिघे ओ देत. यापलीकडे मनुष्याचें कुळ किंवा वर्ण विचारूं नये. तेथेंहि ब्राह्मणादि भेद आहेत, परंतु दहांतील नऊ माणसें त्रैवर्णिकांबाहेरचीं आहेत, "आम्ही ब्राह्मण, तुम्ही कोण?" हा प्रश्न करून आपण समोरच्यास काय उत्तर द्यावयास लावतों, याचा विचार करावा.

संस्कृत शब्द ऐकून फसूं नये. इंडोनेशियाच्या भाषेंत 'भाषा', 'गुरु', 'पुत्र', 'भूमि' हे आपलेच. 'स्वामी' म्हणजे नवरा, 'इस्त्री' म्हणजे बायको, येथपर्यंत ठीक. पण 'काता' (कथा) म्हणजे नुसता शब्द, 'आचारा' म्हणजे कार्यक्रम, 'हार्गा' (अर्घ) म्हणजे किंमत, आणि 'बहाया' (भय) अशी पाटी दिसली तर पुढें धोका आहे असें समजावें. आभार मानतांना बालीचा मनुष्य 'सुक्स्मा' म्हणतो. हा आपला 'सूक्ष्म'. धन्यवादास हा शब्द त्यांनीं कसा योजला यावर मी दोन रात्री विचार करीत होतों.

उरलेलें भराभर सांगतों. हिंदी पारपत्रावर विमानतळावर उतरतांच तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. त्यास पांच लक्ष रुपया, आणि फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांवरील दीड लक्ष रुपयांचा निराळा कर, असा खर्च असतो. 'लक्ष' वाचून दचकूं नये. तेथील सर्वांत मोठी नोटच एक लक्षाची आहे. निघण्यापूर्वीं हे आंकडे पुन्हां पाहून घ्यावेत. ऊन कडक, म्हणून टोपी व सुती कपडे. समुद्रावर तांबडें निशाण असेल तेथें मुलांस गुडघाभर पाण्यांतहि सोडूं नये. माकडें उलुवातूच्या देवळापाशीं चष्मे पळवितात. माझा पुतण्या सांगत असतांहि मीं चष्मा काढला नाहीं, व पुढें तो केळ्याच्या मोबदल्यांत परत मिळविला. २००८ पासून बेटावर पिसाळीचा रोग आहे. कुत्र्यास किंवा माकडास गोंजारूं नये, आणि चावा किंवा ओरखडा झाला तर त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें.

आमच्या मुक्कामांत १३ जुलैला सरस्वतीचा दिवस आला. हाहि २१० दिवसांनीं येतो. त्या शनिवारीं सकाळीं घरांतील सर्व पुस्तकें, नातवाचीं दप्तरांतलीं, त्याच्या आत्याचीं कॉलेजांतलीं, आजोबांचीं ताडपत्रांचीं, एका चौरंगावर रचलीं गेलीं आणि त्यांवर फुलें व तांदूळ वाहिले. पूजा होईपर्यंत वाचावयाचें नाहीं, लिहावयाचें नाहीं. दसऱ्याच्या पाटीपूजनाची आठवण होऊन मी दूर उभा होतों. पुढें जाण्याचें धैर्य होत नव्हतें. तेवढ्यांत तोच दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला आणि माझ्या खिशांतील टिपणवहीकडे बोट न दाखवितां उघड्या हातानें त्यानें खूण केली. मीं ती दिली. आजोबांनीं ती आपल्या ताडपत्रांच्या शेजारीं ठेवली. दुसऱ्या दिवशीं ती परत आली तेव्हां तिच्यांत एक पाकळी दाबलेली होती, आणि मुलगा मला 'भ' म्हणून दाखवीत होता. यावेळीं त्यास मीं विचारलें नव्हतें.

भगिनींनीं सासूबाईंस अवश्य न्यावें. नातवाच्या डोक्यास कोणी हात लावणार नाहीं, तेव्हां त्याच्यासाठीं दृष्टीची काळजी नको. कोरडा फराळ चार दिवस पुरेल इतकाच घ्यावा, विमानतळावरील कागदावर त्याची नोंद करावी, आणि चकल्यांचा एक डबा घरमालकांस देण्यासाठीं वेगळा बांधावा; आमच्या वहिनींच्या चकल्या त्या आजोबांनीं आधीं देवापुढें ठेवल्या आणि मग खाल्ल्या.